सवलतीचे शेत
फिरत्या शेतीविषयीच्या लेखनाची एक तपासणी

कायद्याची भाषा समीक्षेच्या कक्षेत येत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो मान्य नाही. दलित माणसाच्या आयुष्यावर कथा-कादंबऱ्यांपेक्षा स्मृतींनी, वतनाच्या सनदांनी आणि सरकारी दप्तरातल्या नोंदींनी अधिक काळ राज्य केले आहे. ज्या शब्दांनी माणसाचे जगणे ठरते ते शब्द तपासायचे नाहीत आणि ज्या शब्दांनी फक्त करमणूक होते तेच तपासायचे, ही समीक्षा पांढरपेशांना परवडते. आपल्याला परवडत नाही. म्हणून फिरत्या शेतीविषयीच्या साहित्याची ही तपासणी मी कायद्याच्या एका वाक्यापासून सुरू करतो.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे दहावे कलम फिरत्या शेतीविषयी आहे. सरकार एखादे रान राखीव करायला निघाले की तिथल्या लोकांचे दावे ऐकण्यासाठी एक अधिकारी नेमला जातो. वाटेचा दावा, गुरे चारण्याचा दावा, पाण्याच्या प्रवाहाचा दावा हे सारे हक्काचे दावे म्हणून ऐकले जातात. फिरत्या शेतीपाशी आल्यावर मात्र कायद्याचा सूर बदलतो. ही वहिवाट सर्व बाबतींत सवलत मानली जाईल आणि ती आवरण्याचा, आखडण्याचा व बंद करण्याचा अधिकार सरकारचा राहील, असा त्या कलमाचा आशय आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिच्यावर माणसे जगली ती शेती एका वाक्यात मेहेरबानी झाली.

वर्ष लक्षात घेतले पाहिजे. १९२७ च्या मार्चमध्ये कुलाबा जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण कागदावरच्या परवानगीला प्रत्यक्षात कोणी जुमानत नव्हते. महाडचा लढा पाण्यासाठी होता त्याहून अधिक तो परवानगी आणि हक्क यांतला फरक जगाला दाखवण्यासाठी होता. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने डोंगरातल्या माणसाचा हक्क परवानगीत मोडून टाकला. आणि त्याच कुलाबा जिल्ह्याच्या डोंगरांत कातकरी व ठाकूर 'दळी' कसत होते. दळी म्हणजे डोंगरउतारावर फिरती शेती करण्याचा तुकडा. महाड आपल्या इतिहासात आले. दळी आली नाही. का आली नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

एक

आधी शब्दाचा विचार करू. 'फिरती शेती', 'स्थलांतरित शेती' हे पाठ्यपुस्तकातले शब्द आहेत. शिकार, मग पशुपालन, मग फिरती शेती, मग नांगर अशी एक शिडी मुलांना शिकवली जाते. जो खालच्या पायरीवर आहे तो आपोआप मागासलेला ठरतो. शिडी दिसली की आपण सावध झाले पाहिजे. पायऱ्यांची रचना करणारा नेहमी वरच्या पायरीवर बसलेला असतो, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

ज्यांची ही शेती आहे त्यांच्याकडे तिला स्वतःची नावे आहेत. मंडला-दिंडोरीचे बैगा तिला बेवर म्हणतात. बस्तर आणि अबूझमाडच्या माडियांचा तो पेंडा. आंध्र-ओडिशाच्या डोंगरांत पोडू, ईशान्येत झूम, कारवारकडच्या आणि बेळगावच्या रानांत कुमरी, आणि आपल्या रायगडात दळी. यातला शेतकरी फिरस्ता नाही. त्याचा गाव ठरलेला, गावाची शीव ठरलेली, शिवेतले कोणते रान यंदा कोणी तोडायचे याची रीत ठरलेली. फिरते ते शेत. आणि तेही ठराविक वर्षांनी मूळ जागी परत येते. सपाटीवरचा शेतकरी एका जागी राहून पिकांची फेरपालट करतो, डोंगरातला माणूस जमिनीची फेरपालट करतो. एकाला शास्त्र म्हणायचे आणि दुसऱ्याला भटकेपण म्हणायचे, हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. ज्याला भटका ठरवले त्याची जमीन कोणाचीच नसते, आणि जी कोणाची नसते ती सरकारची होते.

कामाची रीत अशी. हिवाळा सरता सरता उतारावरची झाडे-झुडपे तोडतात. मोठ्या झाडांचे बुंधे पुष्कळदा कंबरेइतके उंच ठेवतात, म्हणजे पुढे त्यांनाच धुमारे फुटतात. तोड उन्हात वाळू देतात. पाऊस जवळ आला की पेटवतात. राखेतून जमिनीला पालाश मिळते, आंबटपणा उतरतो, तणाचे बी आणि कीड जळते. मग राखेत बी फोकतात किंवा काठीने टोकतात. कोदो, कुटकी, नाचणी, मका, तूर, भोपळा, वाल, सारे मिसळून. नांगर नाही, त्यामुळे उतारावरची माती उलथत नाही आणि जुन्या मुळ्यांनी ती धरून ठेवलेली असते. मिसळीचे कारणही साधे आहे. एकेक पीक वेगवेगळ्या महिन्यात तयार होते, म्हणजे घरात काहीतरी येत राहते. एक बुडाले तरी दुसरे हाती लागते. दोन-तीन वर्षांत राखेचा जोर ओसरतो, तण मातते, आणि तो तुकडा रानाला परत देतात. दहा-बारा किंवा त्याहून अधिक वर्षांनी पुन्हा त्याच्याकडे वळतात.

या साऱ्या व्यवहाराचा प्राण त्या मधल्या वर्षांत आहे. पडीक राहणे हा या शेतीचा अर्धा भाग आहे. शेत झोपलेले असते, मेलेले नसते. आता रान राखीव झाले आणि गावाच्या वाट्याला पूर्वीच्या चौथाईइतकीच जमीन उरली, तर काय होईल? बारा वर्षांची विश्रांती तीनवर येईल. झाडे वाढायच्या आत तोड होईल, राख कमी पडेल, तण राहील, माती वाहून जाईल. आणि मग डोंगर बोडका झाला म्हणून त्याच माणसाकडे बोट दाखवले जाईल. आधी जागा काढून घ्यायची आणि मग दाटीने राहतो म्हणून घाणेरडा ठरवायचे, हा न्याय गावकुसाबाहेर आपण पुरता भोगलेला आहे.

दुसरा दाखला कोकणातलाच घेतो. ठाणे-कोकणचा भातशेतकरी उन्हाळ्यात डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून भाजतो. याला राब म्हणतात. राबासाठी झाडे खच्ची होतात म्हणून जंगल खात्याने हात आवळला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात एवढी ओरड झाली की सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी आयोग बसवावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. राबाच्या बाजूने बोलणारे जमीनदार होते, वकील होते, वर्तमानपत्रे होती. दळीच्या बाजूने कोण होते? आग तीच, राख तीच, पाऊसही तोच. एकाच्या आगीला मशागत म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या आगीला नासधूस. कोणाचा हात पेटवतो आहे यावर आगीचे नाव ठरते.

या सगळ्याची जाण मराठीत सर्वांत आधी कोणाला आली होती, तर जोतीराव फुल्यांना. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगल खात्यावर जो हल्ला चढवला आहे तो पुन्हा वाचावा. डोंगर, दऱ्या, पडीक आणि गायराने एका खात्याच्या घशात गेली आणि गरिबाच्या शेरडा-करडांना रानात जागा उरली नाही, हे त्यांनी १८७८ च्या वन कायद्यानंतर पाच वर्षांत सांगितले. पुढच्या मराठी ललित लेखकांनी डोंगर पाहिला, पण फुल्यांनी पाहिलेले खाते त्यांना दिसले नाही.

दोन

या विषयावरचे अभ्यासकी लेखन दोन नावांभोवती फिरते : व्हेरिअर एल्विन आणि डॉ. गो. स. घुर्ये.

एल्विन १९२७ सालीच भारतात आले, तेही आधी पुण्याला, ख्रिस्ती सेवा संघात. पुढे ते मंडल्याच्या गोंड-बैगांत राहिले आणि १९३९ मध्ये 'द बैगा' हा त्यांचा ग्रंथ निघाला. बेवरसंबंधी इतक्या आस्थेने आणि तपशिलाने आधी कोणी लिहिले नव्हते. धरणी ही आई आहे, तिची छाती नांगराने फाडू नये, ही बैगांची श्रद्धा एल्विन यांच्यामुळे जगाला कळली. १८९० मध्ये इंग्रज सरकारने बैगांची बेवर सगळीकडे बंद करून त्यांना सुमारे चोवीस हजार एकरांच्या 'बैगाचक'मध्ये कोंडले, त्याने हे लोक मनाने कसे खचले याची त्यांनी मांडलेली कैफियत आजही अंगावर येते. तरीही त्यांचा उपाय मला अस्वस्थ करतो. बैगांसाठी एक राखीव उद्यानासारखा प्रदेश असावा, बाहेरच्या जगाचा वारा तिथे जपून जाऊ द्यावा, असे त्यांनी त्या ग्रंथात सुचवले. चक मोठा झाला, पहारेकरी दयाळू झाला. पण कुंपण राहिलेच. कुंपणाची किल्ली बैगाच्या कमरेला नाही.

घुर्ये मालवणचे, मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे अध्वर्यू. १९४३ च्या ग्रंथात त्यांनी एल्विन यांना उत्तर दिले. आदिवासी हे निराळे लोक नसून मागासलेले हिंदू आहेत, त्यांना वेगळे ठेवू नये, मोठ्या समाजात मिसळू द्यावे, असा त्यांचा पक्ष. वरवर पाहता यात समतेचा सूर आहे. परंतु दलित वाचक इथे एक साधा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही : मिसळायचे ते कोणत्या पायरीवर? हिंदू समाजात 'मिसळून' हजारो वर्षे राहिलेल्या महार-मांग-चांभारांना काय मिळाले, हे घुर्ये यांच्याइतके जातिव्यवस्थेचे अभ्यासक विसरू शकत नव्हते. जातीवरचा त्यांचा ग्रंथ १९३२ सालीच आलेला होता. कुऱ्हाड सोडून नांगर धरलेला आदिवासी या समाजात शेताचा मालक म्हणून येतो की सावकाराचा सालदार म्हणून, याचे उत्तर डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ च्या उठावात दिले.

एल्विनला बैगा हवा तो बैगा म्हणून, घुर्ये यांना हवा तो हिंदू म्हणून. बेवर चालू राहावी की बंद व्हावी हे बैगाने ठरवावे, हा तिसरा पक्ष या वादात उभाच राहिला नाही.

येथे बाबासाहेबांच्या लेखनाकडेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त ते आदिवासींच्या स्थितीला रानटी म्हणतात, आणि आजच्या आदिवासी लेखकांपैकी काहींना तो शब्द सलतो. त्यांचे सलणे मला रास्त वाटते. तो शब्द त्या काळच्या शिडीतूनच आलेला आहे. पण बाबासाहेबांच्या त्या परिच्छेदातला आरोपी आदिवासी नाही, हिंदू आहे : जातीमुळे हिंदू आदिवासीला आपला मानूच शकत नाही, हा त्यातला मुद्दा आहे, आणि घुर्ये यांच्या सात वर्षे आधीच तो मांडला गेला आहे.

त्याहूनही उपयोगाचे आहे ते त्यांचे १९१८ सालचे लेखन, भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध. शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या श्रमाशी आणि साधनांशी जमिनीचे प्रमाण काय आहे यावरून ठरते, असा त्यांचा सिद्धांत. ही कसोटी बेवरला लावून पाहा. बैल नाही, नांगर नाही, बांध नाही, खत विकत नाही. भांडवल म्हणजे एक कुऱ्हाड, आणि बाकीचे भांडवल रानाने बारा वर्षे साठवलेले. मग जमीन जास्त लागणारच. ती उधळपट्टी नव्हे, तो त्या शेतीचा हिशेब आहे. बाबासाहेबांनी स्वतः उपाय म्हणून उद्योगधंद्यांकडे बोट दाखवले होते, बेवरकडे नाही, हे मी जाणतो. पण गुरूची पद्धत हाती घेऊन गुरूने न पाहिलेल्या रानात जाणे, यालाच मी वारसा म्हणतो.

तीन

आता ललित लेखनाकडे वळू. भारतीय भाषांत या शेतीला भिडलेली महत्त्वाची कादंबरी मराठीत नाही, ओडियात आहे : गोपीनाथ मोहंतींची 'परजा', १९४५. कोरापुटच्या डोंगरातला सुक्रू जानी, त्याचे दोन मुलगे, दोन मुली. नवी जमीन काढावी, रान तोडून शेत करावे हे त्याचे साधे स्वप्न. जंगलाच्या रखवालदाराची नजर मुलीवर पडते. ती नकार देते. आणि रान तोडल्याचा गुन्हा सुक्रूवर बसतो. दंड भरायला सावकाराचे कर्ज, कर्ज फेडायला गोती म्हणजे वेठबिगार, बाप आणि मुलगे एकामागून एक त्या जात्यात. शेवटी सावकारावर कुऱ्हाड पडते आणि मारणारे स्वतःहून पोलिसांत जातात.

या कादंबरीचे थोरपण तिच्या यंत्ररचनेत आहे. एका दंडातून एक घर कसे दळले जाते हे मोहंती पावलापावलाने दाखवतात. 'गरिबी' हा धूसर शब्द ते वापरत नाहीत. दंड, व्याज, गहाण आणि सही असे त्याचे सुटे भाग दाखवतात. परंतु शेवटापाशी मला थांबावेसे वाटते. ज्या कुऱ्हाडीने रान तुटले तीच सावकाराच्या मानेवर पडते. शेतीचे अवजार बंडाचे अवजार होते. सावकाराला शिक्षा होते. मात्र झाड तोडणे हा गुन्हा ठरवणारा कायदा कादंबरीच्या बाहेर निसटून जातो. इतकेच नाही, तर शेवटी माणसे त्याच कायद्याच्या दारात जाऊन उभी राहतात. मोहंती स्वतः शासनातले अधिकारी होते. त्यांची करुणा खरी आहे, पण ती रखवालदाराच्या वासनेपाशी आणि सावकाराच्या लोभापाशी थांबते. रखवालदार सज्जन असता तर? तरीही सुक्रूचे शेत सवलतच राहिले असते. वाईट माणूस मेला की व्यवस्था मेली असे वाटू देणे, हा सहृदय कादंबरीचा जुना धोका आहे.

मराठीत गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' घ्या. ठाकरांचा नाग्या, त्याचा ढोल, डोंगरावरचे मधाचे पोळे, राणीमाशीशी वैर. भाषा गोड आहे, लय आहे. पण ठाकराचे पोट कशावर भरते, त्याचे शेत कोणाच्या परवानगीवर चालते, याने ती कथा हलत नाही. डोंगर तिथे देव होऊन येतो, खाते होऊन येत नाही. याच्या उलट गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). त्यात वेठ आहे, जमीनदार आहे, जंगलाचा ठेकेदार आहे, मजुरीचा भाव आहे, आणि लाल झेंड्याखाली ताठ झालेला वारली आहे. मराठी साहित्याने आदिवासीला दिलेला हा सर्वांत प्रामाणिक ग्रंथ होय. तरी त्यात निवेदन बाईंचे आहे. वारली तिथे लढतो, पण सांगत नाही.

सांगण्याचा हक्क वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, विनायक तुमराम यांच्या पिढीने हिसकावून घेतला. आमचे दुःख आम्हालाच व्यासपीठावरून कोणी सांगू नये, हा वाहरूंच्या कवितेचा सुप्रसिद्ध बाणा सर्वांना, आपल्यालाही, लागू आहे. या कवितेने ओळख मागितली, नाव मागितले, जंगल मागितले. मात्र शेताची कविता, शेताची कादंबरी अजून हवी आहे : कोणते रान यंदा तोडायचे यावरून गावात झालेले भांडण, निंदणीत मोडलेले बाईचे कंबरडे, भादव्यातली उपासमार, कोवळ्या मक्याचा पहिला घास, झोपलेल्या शेताची राखण. हे बाहेरचा कोणी लिहू शकणार नाही.

चार

याचा अर्थ फिरती शेती हा स्वर्ग होता असे मला म्हणायचे नाही. तिच्यात कष्ट अपार आहेत आणि त्यांतला मोठा वाटा बायांचा आहे. जिथे विश्रांतीची वर्षे तीन-चारवर आली आहेत तिथे ती आज माती खाते, हेही खरे आहे. डोंगरातल्या मुलाला शाळा हवी, रस्ता हवा, दवाखाना हवा. त्याला संग्रहालयातला नमुना होऊन राहायचे नाही. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना आपण जे उत्तर दिले तेच रानाचे गोडवे गाणाऱ्यांना द्यावे लागेल. प्रश्न इतकाच आहे की बदलाचा निर्णय कोणी करायचा. आणि सवलतीवर जगणाऱ्याला निर्णय करता येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे चित्र काही अंशी बदलले. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे संसदेने प्रथमच कायद्याच्या प्रस्तावनेत मान्य केले. सवलतीच्या जागी हक्क हा शब्द आला. बैगाचकच्या काही गावांना २०१५-१६ मध्ये याच कायद्याखाली अधिवासाचे हक्क मान्य झाले. १८९० चा कोंडवाडा सव्वाशे वर्षांनी कागदावर तरी घर झाला. हे यश लहान नाही.

तरीही या कायद्याची भाषा तपासावीच लागते. वैयक्तिक हक्क मिळतो तो प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीवर, आणि चार हेक्टरांच्या आत. मग झोपलेल्या शेताचे काय? मोजणीदार येतो त्या दिवशी ज्यात पीक उभे नाही ते रान ठरते. ज्या शेतीचा अर्धा भाग पडीक राहण्यात आहे, तिचा अर्धा हक्क मोजणीच्या साखळीबाहेर राहतो. अधिवासाचा हक्क ज्यांना द्यायचा त्यांचे वर्णन याच कायद्यात 'शेतीपूर्व' समाज असेही केले आहे. कित्येक पिढ्या कोदो-कुटकी पिकवणारा माणूस शेतीच्या आधीचा! हक्क देणाऱ्या हातानेच शिडी पुन्हा भिंतीला टेकवली.

आणि हा प्रश्न आदिवासींचाच आहे असे मानणाऱ्या माझ्या दलित वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. रानात राहणारे सगळेच अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. दलित आहेत, भटके आहेत. कायदा त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतो आणि त्यांच्याकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करून मागतो. ज्याच्या आजोबाचे नाव गावच्या कागदात धड लिहिले गेले नाही, त्याने पंचाहत्तर वर्षांचा कागद कोठून आणायचा?

'सवलत' हा शब्द आपण चांगला ओळखतो. घटनेने दिलेल्या राखीव जागांना सवर्ण समाज आजही सवलतीच म्हणतो, आणि आपल्यातलेही कित्येक जण नकळत तसेच बोलतात. प्रतिनिधित्वाचा हक्क बोलीत मेहेरबानी झाला की तो आवरण्याची, आखडण्याची आणि बंद करण्याची भाषा लगेच मागून येते. १९२७ च्या कलमातली तीन क्रियापदे इथेही जशीच्या तशी लागू पडतात. चवदार तळे, राखीव जागा आणि डोंगरउतारावरची दळी यांना जोडणारा धागा हाच आहे. त्यामुळे हा शब्द प्रथम आपल्या तोंडातून जायला हवा. आणि नियतकालिकांच्या संपादकांना माझी एक मागणी आहे : दळी, पेंडा, बेवर कसलेल्या किंवा आई-बापांना कसताना पाहिलेल्या माणसांकडून लिहून घ्या. कोणत्या बोलीत लिहायचे ते त्यांना ठरवू द्या. त्यांचे लेखन आल्यावर माझ्यासारख्याच्या लेखातले काय चूक आणि काय बरोबर हेही तेच ठरवतील.